दुकानाचा प्रोग्राम : एक मुनीम की चार?

हल्ली ठोक कापड व्यापाऱ्यांकडे प्रोग्राम बनवून देणारे येतात आणि 'मायक्रोसर्व्हिस' हा शब्द टाकून दर वाढवून सांगतात. रक्कम मोजण्याअगोदर ही चीज काय आहे ते समजून घ्यावे.

जुन्या पद्धतीत बिल, साठा, उधारी, वसुली सर्व एकाच प्रोग्रामात असते. साठ्याचे काम अडले की बिलही अडते. मायक्रोसर्व्हिस म्हणजे प्रत्येक कामाला वेगळा छोटा प्रोग्राम, ज्याची वही त्याच्याजवळ. जेम्स लुईस व मार्टिन फाउलर यांच्या 2014 च्या लेखामुळे हा शब्द सर्वत्र पोहोचला. असे प्रोग्राम बांधण्याची हलकी साधने फुकट मिळतात. पायथनचे फ्लास्क (2010), जावाचे व्हर्ट-एक्स (2011).

व्हर्ट-एक्सची चाल आपल्या ओळखीची आहे. काउंटरवरचा हुशार माणूस मागणी घेतो, गोदामात चिठ्ठी धाडतो आणि ठाण येईपर्यंत हात बांधून उभा राहत नाही. पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलतो. याला 'इव्हेंट लूप' म्हणतात. त्यामुळे मोजक्या थ्रेडवर (हे लोकही धागाच म्हणतात!) हजारो मागण्या निभतात. अट एकच, काउंटरवाल्याने स्वतः गोदामात जायचे नाही. तो गेला की सारी रांग थांबली. लूप दोन सेकंदांहून जास्त अडला तर व्हर्ट-एक्स स्वतःच इशारा देते.

आता पैशाची बाब. व्हर्ट-एक्सची आतली निरोप-व्यवस्था निरोप पोचेलच अशी हमी देत नाही. म्हणून जमा-नावेचे निरोप रॅबिट-एमक्यूसारख्या टिकाऊ रांगेत ठेवावे लागतात. तिथेही पोच हरवली तर तोच निरोप दुसऱ्यांदा येतो, आणि गिऱ्हाइकाच्या नावे एकच उधारी दोनदा चढते. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारी लिहून ठेवण्याची, तीही इन्साफाने लिहिण्याची, ताकीद आहे. दोनदा चढलेली रक्कम हा इन्साफ नव्हे. प्रत्येक निरोपाला चलनासारखा स्वतंत्र नंबर हवा आणि तो नंबर आधी आला असेल तर नोंद होता कामा नये. बनवणाऱ्याला पहिला सवाल हाच करा.

एक दुकान आणि दोन नोकर असतील तर माझ्या मते एकच प्रोग्राम पुरे. चार केले तर चार ठिकाणी लक्ष ठेवावे लागते. ईदच्या हंगामात ऑनलाइन ऑर्डरींनी बिल तुंबत असेल तर तेवढा भाग वेगळा काढावा. आणि काम ताब्यात घेताना साठ्याचा प्रोग्राम त्याच्याच हाताने बंद करवून बिल निघते का ते पाहावे.