वाढता पाय आणि बुटाचा नंबर



वसई तालुक्यातील जूचंद्र हे गाव रांगोळीसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या कलाकाराची रेघ केसभरही ढळत नाही. पण जून महिन्यात मुलांना घेऊन खेळाचे बूट आणायला निघालेली माणसे, मग ती जूचंद्रची असोत की चंद्रपूरची, मापाच्या बाबतीत फारच उदार होतात! "दोन नंबर मोठा द्या, दोन वर्षे जाईल," असे दुकानदाराला सांगितले जाते. बूट काही स्वस्त नसतात. तेव्हा हे म्हणणे वावगे नाही. पण हा हिशेब एकदा तपासून पाहू या.

आपल्याकडे रूढ असलेली नंबरांची इंग्लिश पद्धत सातूच्या दाण्यावरून आलेली आहे. टोकाला टोक लावून ठेवलेले तीन दाणे म्हणजे एक इंच, असे तिकडे पूर्वी मानत. म्हणून एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर. सहा ते दहा वर्षांच्या मुलाचा पाय महिन्याला साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून थोडा कमी वाढतो. म्हणजे दोन नंबर वाढायला दीड वर्षाहून अधिक काळ हवा. तोवर पाय बुटात पुढेमागे सरकत राहणार, टाच सोलणार. चंडिकादेवीच्या टेकडीसारख्या उतारावर बोटे पुढे आपटणार.

तंग बूट त्याहून वाईट. लहान वयात पायाच्या हाडांचा काही भाग अजून मऊ कूर्चेचाच असतो. तो दाबाखाली मुकाट्याने वाकतो. त्यामुळे बूट लहान झाला तरी मूल तक्रार करीलच असे नाही. दुखत नाही म्हणजे बूट बरोबर आहे, असे समजू नका.

मग माप कसे घ्यावे? भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवा. टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापुढे मित्राला खूण करायला सांगा. हे संध्याकाळी करावे, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो. दोन्ही पाय मोजा; बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो. मोठ्या पायाच्या मापात १० ते १२ मिलिमीटर मिळवा. बुटातला सुकतळा, म्हणजे आतली पातळ गादी, काढता येत असेल तर तिची लांबी तेवढी हवी. दर तीन महिन्यांनी मोजा. मोकळी जागा ५-६ मिलिमीटर उरली की बूट बदलण्याची वेळ आली.

रुंदीही पाहा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. आपले पाय युरोपीय लोकांच्या पायांपेक्षा रुंद असल्याचे त्यात दिसले. चवडा आवळला म्हणून अनेक जण लांब बूट घेतात. खरे तर त्यांना हवा असतो रुंद बूट.

आता तळव्याकडे वळू. धावताना दर पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. ३० किलोच्या मुलाच्या पायावर ६० ते ९० किलो! हा धक्का तळव्यातला फेस झेलतो. त्यातील हवेच्या बारीक पोकळ्या दबतात आणि पुन्हा फुगतात. शेकडो किलोमीटर धावल्यावर त्या पूर्ववत होईनाशा होतात. वरून बूट नवा दिसतो, आतून मेलेला असतो. तळव्याच्या बाजूवर आडव्या सुरकुत्या पडल्या असतील, किंवा टेबलावर ठेवलेला बूट मागून पाहता एका बाजूला कललेला दिसत असेल, तर तो बाद समजा. आठ ते चौदा वर्षांच्या खेळाडू मुलांची टाच पुष्कळदा दुखते. तिथले हाड तेव्हा वाढत असते. अशा वेळी बूट तपासाच, पण डॉक्टरांनाही दाखवा.

बूट नाहीत म्हणून धावायचे थांबवू नका. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणीच जिंकली होती. काचा-खिळे नसलेल्या मातीच्या मैदानावर अनवाणी धावणे हे मोडक्या बुटांपेक्षा बरे.

मोठ्या भावाचे माळ्यावर जपून ठेवलेले बूटही आधी तपासा. काही तळवे पॉलियुरेथेनचे असतात. खाडीकाठच्या दमट हवेतील पाण्याची वाफ त्याचे लांब रेणू हळूहळू तोडते. मग न वापरलेला तळवासुद्धा पहिल्याच धावेत भुगा होऊन गळतो. अंगठ्याने दाबून पाहा. खपली निघाली तर तो बूट शर्यतीला नेऊ नका.