टोचलेल्या कोंबडीच्या जखमेवरील उपचार

कुरखेडा भागातील धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी परसातील पाच-दहा कोंबड्या म्हणजे हाताशी असलेले भांडवल होय. घरात कोणी आजारी पडले, मुलांच्या वह्या-पुस्तकांची नड आली, की घरची गृहिणी आठवडी बाजारात अंडी अथवा एखादी कोंबडी विकून वेळ निभावते. अशा लहान कळपातील अंड्यावरची एक कोंबडी गेली, तर तिच्याबरोबर तिची पुढील अंडी व पिलेही जातात. असे असूनही सोबतच्या कोंबड्यांनी टोचून रक्तबंबाळ केलेली कोंबडी पुष्कळदा "आता ही जगायची नाही" असे समजून कापली जाते. वस्तुतः अशा बहुतेक जखमा वेळीच लक्ष दिल्यास घरच्या घरी बऱ्या होतात. याकरिता तीन गोष्टी अवश्य आहेत. जखमी कोंबडी तत्काळ वेगळी काढावी, जखम स्वच्छ करून माशांपासून राखावी, आणि जखमेचा लाल रंग नाहीसा होईपर्यंत कोंबडी कळपात सोडू नये. पैकी तिसऱ्या गोष्टीकडे सर्वात अधिक दुर्लक्ष होते व बरी होत आलेली कोंबडी त्यामुळेच दगावते.

टोचणी का सुरू होते

कोंबड्यांच्या कळपात मानाचा एक क्रम असतो. वरची कोंबडी खालचीला टोचते, खालची तिच्याहून खालचीला. नॉर्वेमधील शास्त्रज्ञ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास या क्रमाचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले. क्रम ठरलेला असला व पळून जाण्यास जागा असली, म्हणजे एखाद्या टोचणीवर भागते. नवीन कोंबडी कळपात आली, जागा कमी पडली अथवा खाद्य अपुरे झाले, की भांडण वाढते. एकदा रक्त दिसले की त्या लाल रंगाकडे सर्वच कोंबड्या ओढल्या जातात आणि ज्या कोंबडीचे कोणाशीही वैर नव्हते, तिलाही सर्व मिळून टोचू लागतात.

धानाच्या भागात हा त्रास पावसाळ्याच्या आरंभी वाढण्याचा संभव असतो. त्याचे कारण उघड आहे. जून महिन्यात परहे टाकले म्हणजे कोंबड्या त्यातील बी वेचून खातात. सबब रोवणी होईपर्यंत त्यांना खुराड्यात अथवा डालग्याखाली कोंडून ठेवावे लागते. उन्हाळ्यात दिवसभर पालापाचोळा उकरून उधई, किडे व कोवळा पाला खाणाऱ्या कोंबडीस आता नुसत्या कणी-कोंड्यावर राहावे लागते. जागा घटते, मांसल खाद्य बंद होते व चोचीला काम राहत नाही. याच दिवसांत माशाही फार होतात. म्हणून पावसाळ्यातील लहानशी जखमही हलकी समजू नये.

जखम कशाची ते पाहावे

उपचारापूर्वी जखमेचे कारण ओळखावे. शेपटीचे मूळ, पाठ, मान अथवा गुदद्वाराजवळ पिसे उपटलेली असून कातडी सोललेली दिसली, तर ती सहसा सोबतिणींची टोचणी असते. केवळ पाठीवर व पंखांच्या मुळाशी पिसे झिजलेली असली, तर तो कोंबड्याच्या नखांचा परिणाम असू शकतो. रात्रीतून पाय कुरतडलेले आढळल्यास उंदीर-घुशीचा संशय घ्यावा. तुरा, गलोल व डोळ्यांभोवती मसासारखे फोड व काळ्या खपल्या अनेक कोंबड्यांवर एकाच वेळी दिसल्या, तर तो देवीचा रोग असण्याचा संभव आहे. तो पावसाळ्यात डासांमार्फत पसरतो. त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

उपचाराची कृती

१) कोंबडी अंधार पडल्यावर हळुवार धरावी व पंख अंगाशी घेऊन कापडात गुंडाळावी. तिची छाती आवळली जाऊ नये, कारण पक्ष्यास श्वासासाठी छाती हलवावी लागते. डोक्यावर सैल कापड टाकल्यास ती शांत राहते.

२) रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर पाच मिनिटे न उचलता दाबून धरावी. तुऱ्याची जखम लहान असली तरी रक्त फार येते, त्याने घाबरून जाऊ नये.

३) एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे व त्यात चहाचे दोन सपाट चमचे मीठ विरघळवावे. या पाण्याच्या धारेने जखमेतील माती, विष्ठा व सुकलेले रक्त धुऊन काढावे. भोवतालची पिसे कात्रीने कापावी; ओढून उपटू नयेत. वाढत असलेल्या कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असते, ती नळी कापू नये.

४) पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाचे करावे व कापसाने जखमेस लावावे. याच्या तपकिरी रंगाने जखमेची लालीही काहीशी झाकते. हे औषध जवळ नसेल तर मिठाच्या पाण्याने धुतल्यावर खोबरेल तेलात कालवलेल्या हळदीचा पातळ लेप द्यावा. कडुलिंबाचे तेल जखमेच्या आत घालू नये. माशा दूर ठेवण्यासाठी ते जखमेच्या कडेने थोडेसे लावावे. सर्व पिसे तेलकट करू नयेत.

५) धुणे व औषध लावणे पहिले तीन-चार दिवस रोज दोनदा, त्यापुढे खपली धरेपर्यंत एकदा करावे.

जखमेवर रॉकेल, फिनाईल, चुना, तंबाखू, बॅटरीतील काळी पूड अथवा पिकांवरील कीटकनाशक भुकटी कदापि टाकू नये. कोंबडी चोचीने पिसे साफ करते, त्यामुळे अंगाला लावलेली प्रत्येक वस्तू तिच्या पोटात जाते. माणसांसाठी मिळणारी बधिर करणारी मलमेही लावू नयेत. त्यांतील औषध पक्ष्यांना विषारी ठरू शकते. अंडी व मांस खाण्यात येणाऱ्या पक्ष्यांवर जांभळे औषध, म्हणजे जेन्शन व्हायोलेट, वापरणे टाळावे.

कोंबडीचा पू गाईम्हशीच्या पुवासारखा वाहत नाही. तो पिवळट, घट्ट व चीजसारखा गोळा होऊन बसतो. जखम कोरडी दिसते म्हणून बरी झाली असे मानू नये. कातडीखाली टणक गाठ, दुर्गंधी अथवा भोवती हिरवट-काळा रंग दिसल्यास पशुवैद्यकास दाखवावे.

जखमेत अळ्या पडल्यास

माशीने जखमेवर घातलेली अंडी साधारण एका दिवसात फुटतात. सबब जखम रोज सकाळ-संध्याकाळ उजेडात पाहावी. गुदद्वाराजवळची व पंखांखालची जागा विसरू नये. अळ्या दिसताच चिमट्याने एकेक काढाव्या व मिठाचे पाणी पुनःपुन्हा सोडून आतल्या अळ्या बाहेर आणाव्या. काढलेल्या अळ्या जाळून टाकाव्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी करावी, कारण सर्व अळ्या एका वेळी क्वचितच निघतात. अळ्या खोल शिरल्या असल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

वेगळी ठेवण्याची व्यवस्था

जखमी कोंबडीस कोरड्या, अंधूक उजेडाच्या जागी डालग्याखाली ठेवावे. खाली रोज बदललेला कोरडा पेंढा असावा. डालग्यावर जुनी मच्छरदाणी अथवा पातळ लुगडे टाकल्यास माशा येत नाहीत. पाणी सतत हाताशी असावे. घाबरलेली कोंबडी अन्नापूर्वी पाण्यावाचून खंगते. कणीबरोबर शिजवलेली डाळ अथवा उकडून कुस्करलेले अंडे दिल्यास नवीन कातडी व पिसे येण्यास मदत होते. हाताळणीनंतर साबणाने हात धुवावे.

मानेच्या जखमेतून खाल्लेले दाणे अथवा पाणी बाहेर येत असल्यास, गुदद्वारातून मांसल भाग बाहेर आला असल्यास, हाड उघडे पडले असल्यास अथवा कोंबडीने पूर्ण दिवस काही खाल्ले नसल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. प्रतिजैविक औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. पशुवैद्यकाने दिल्यास त्या कोंबडीची अंडी व मांस किती दिवस वर्ज्य करावे, हे त्यांनाच विचारावे.

कळपात परत सोडणे

वरवरची जखम साधारण आठ-दहा दिवसांत सुकते. मोठ्या जखमेस तीन-चार आठवडे लागतात. खपली पडून कातडी भोवतालच्या रंगाची झाली म्हणजेच कोंबडी सोडण्याचा विचार करावा. प्रथम चार-पाच दिवस तिचे डालगे दिवसा कळपाच्या मध्ये ठेवावे, म्हणजे कोंबड्या तिला पाहतील पण टोचू शकणार नाहीत. त्यानंतर दिवस मावळताना तिला खुराड्यात इतरांबरोबर बसवावे व दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष ठेवावे. टोचण्याची खोड एकाच कोंबडीस असली, तर तिलाच तीन-चार दिवस वेगळे कोंडावे. परत आल्यावर तिचा पूर्वीचा मान राहत नाही व टोचणी कमी होते.

पुन्हा जखम होऊ नये म्हणून

जखम बरी केली व कारण तसेच ठेवले, तर आठवड्यात दुसरी कोंबडी जखमी होते. यास्तव परहे टाकण्यापूर्वीच पुढील व्यवस्था करावी.

प्रत्येक मोठ्या कोंबडीस खुराड्यात निदान दोन चौरस फूट जागा मिळावी. दिवसभर कोंडावयाचे असल्यास खुराड्यापुढे बांबूच्या तट्ट्यांचे कुंपण करून मोकळी जागा द्यावी. खाद्य व पाणी दोन ठिकाणी ठेवावे, म्हणजे दुर्बळ कोंबडी उपाशी राहत नाही. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यास एक अंधारी पाटी ठेवावी. अंडे घातल्यावर काही वेळ गुदद्वार लाल दिसते व उजेडात इतर कोंबड्या तेथे टोचतात.

कणी-कोंड्यास उधई, सुकट अथवा बुरशी नसलेली पेंड यांची जोड द्यावी. दहा किलो खाद्यात तीस ग्रॅम मीठ पुरेसे होते. अधिक मीठ विषारी आहे. हिरव्या पाल्याची जुडी कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगावी, म्हणजे चोचीस काम राहते. अंगावर उवा-गोचिड आहेत काय, तेही पाहावे. गिरिराज, वनराजा इत्यादी सुधारित जातींची पिले देशी कळपात एकदम सोडू नयेत. परसातील कोंबडीची चोच कापू नये, कारण तीच चोच तिला उकरून पोट भरण्यास लागते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्याच्या अखेरीस गावातील महिलांच्या बैठकीत मिठाचे पाणी तयार करणे, कोंबडी धरणे व जखम धुणे प्रत्यक्ष करून दाखवावे. प्रत्येक घरी एक डालगे, एक चिमटा, स्वच्छ कापड व आयोडीनची लहान बाटली पावसाळ्यापूर्वी तयार असावी.