रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या विखुरतात? आधी तीस-चाळीस डॉलर मोजमापावर घाला

टेक्सास-ॲरिझोनाकडे स्थायिक झालेल्या आपल्या काही मंडळींना रेंजवर जायचा नाद लागतो आणि त्यातले थोडे पुढे काडतुसं घरीच भरू लागतात. कारण उघड आहे. .४४ मॅग्नमच्या पन्नास तयार काडतुसांना ५० ते ६५ डॉलर पडतात. रिकामे केस (काडतुसांची पितळी टरफलं) पुन्हा वापरले की घरचं काडतूस निम्म्याच्या आत बसतं. पण २५ यार्डांवर वाळूच्या पिशवीवर हात टेकवूनही छिद्रं सहा-सात इंचांत विखुरली, की हा हिशेब कोलमडतो. माणूस आधी दुसऱ्या पावडरचा डबा आणतो (४० ते ५० डॉलर), मग वेगळ्या गोळ्या (पाचशे नगांना ६० ते ८०), मग नवी डाय (काडतूस दाबून घडवणारा साचा). दीडशे डॉलर जातात आणि छिद्रं तिथल्या तिथेच. इथले सगळे भाव अंदाजे आहेत, दुकानागणिक बदलतात.

खर्चाआधी कायदा बघा. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही, पण राज्याचे नियम वेगळे तपासावेत. स्वतःपुरतं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. आणि रेंजवरची बॅग मुंबईच्या प्रवासाला वापरू नका; कप्प्यात राहिलेलं एक काडतूसही विमानतळावर चांगलंच महागात पडतं.

पहिला खर्च तयार काडतुसांच्या एका खोक्याचा. .३५७ मॅग्नमला ३५ ते ४५ डॉलर. त्याच टेकूवरून, त्याच दिवशी मारा. चांगल्या स्थितीतल्या रिव्हॉल्व्हरने २५ यार्डांवर दोन-तीन इंचांत बसायला हरकत नाही. तयार काडतुसंही विखुरली तर दोष तुमच्या भरण्यात नाही. बंदुकीत आहे किंवा हातात. मॅग्नमच्या धक्क्याने भलेभले चाप ओढताना दचकतात. मित्राला सिलिंडरमध्ये मधेमधे नकली काडतूस घालायला सांगा (सहाचा संच १५-२० डॉलर). आवाज न होताही नळी खाली झुकली, तर औषध सरावाचं आहे.

फुकटची एक चाचणी फार कमी लोक करतात. सिलिंडरच्या घरांना मार्करने क्रमांक घाला आणि प्रत्येक घराच्या गोळ्या वेगळ्या कागदावर मारा. पाच घरं एकत्र मारतात आणि सहावं भरकटतं, हे अनेकदा निघतं. मग सहावं घर सोडून पाचच भरा, पैसे वाचले.

आता मोजमाप, खरी मेख इथेच आहे. गोळी सिलिंडरच्या तोंडातून, म्हणजे थ्रोटमधून, नळीत शिरते. थ्रोट नळीच्या खाचांच्या व्यासाइतका किंवा किंचित मोठा हवा आणि शिशाची गोळी थ्रोटला अंगाबरोबर बसायला हवी. .३५७ च्या नळीचा व्यास .३५७ इंच असेल तर थ्रोट आणि गोळी .३५८ असणं उत्तम. थ्रोट .३५६ निघाला तर गोळी तिथेच दबून बारीक होते, नळीत सैल पडते, कडेने गरम वायू निसटतो आणि शिसं नळीला चिकटतं. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, सिलिंडर बाहेर काढा आणि गोळी पुढून थ्रोटमध्ये बोटाने ढकला. हलक्या दाबाने सरकली तर ठीक. आपोआप घसरली तर सैल, शिरलीच नाही तर घट्ट. आकडा हवा असेल तर मासेमारीच्या दुकानातलं मऊ शिशाचं वजन (दोन-तीन डॉलर) तेल लावून लाकडी दांडीने आरपार काढा आणि मायक्रोमीटरने मोजा (३० ते ४० डॉलर). कॅलिपरवर इंचाच्या हजाराव्या भागासाठी विसंबू नका. स्मिथ अँड वेसनच्या बहुतेक नळ्यांत खाचा पाच असतात, त्यामुळे समोरासमोर खाच येत नाही आणि तिथलं मोजमाप सरळ होत नाही. थ्रोट मात्र गोल असतो, तो आधी मोजा.

भरलेलं काडतूसही फोडून बघा. गोळी काढायचा हातोडा २०-२५ डॉलरला येतो. आत .३५८ घातलेली गोळी .३५६ होऊन बाहेर आली तर चोर सापडला: शेवटच्या टप्प्यात पूर्ण काडतूस दाबणारी कार्बाइड क्रिम्प डाय जाड शिशाच्या गोळीला केसमध्येच चेपते. ही डाय वगळा, साधी क्रिम्प डाय वापरा. क्रिम्पची, म्हणजे केसच्या तोंडाने गोळीवर धरलेल्या पकडीची, ताकद तपासायला सहा भरा, पाच मारा आणि सहाव्याची लांबी आधी-नंतर मोजा. गोळी पुढे सरकली असेल तर पकड ढिली आहे. फार सरकली तर सिलिंडरच अडकतो. केसची लांबी एकसारखी नसेल तर क्रिम्पही एकसारखा पडत नाही. छाटणीचं साधं हत्यार १५-२० डॉलरला मिळतं.

पावडरबाबत एकच सांगतो. एच-११० आणि विंचेस्टर २९६ सारख्या मंद पावडरी भरगच्च भरणा आणि घट्ट क्रिम्प मागतात. त्या मॅन्युअलमधल्या मात्रेच्या खाली नेणंही धोक्याचं आहे, वर नेणं तर आहेच. 'जरा कमी भरून बघू' हा घरगुती प्रयोग इथे चालत नाही.

नळीत शिशाच्या राखाडी रेषा असतील तर आधी त्या काढा, नाहीतर पुढची प्रत्येक चाचणी फसवी. जुन्या ब्रशवर भांडी घासायची शुद्ध तांब्याची जाळी गुंडाळा. चुंबकाला चिकटली तर ती पोलादाची निघाली, नळीत घालू नका.

इतकं करूनही थ्रोट घट्टच निघाले तर तो गनस्मिथचा विषय. थ्रोट रीम करून (आतून कापून) एकसारखे करणं आणि नळीच्या सिलिंडरकडच्या तोंडाचा शंकू ११ अंशांचा कापणं, मिळून साधारण १०० ते २०० डॉलर, टपालखर्च वेगळा. थ्रोट सैल असतील तर कापून काही होत नाही. तिथे जाड गोळी मागवा, पण भरलेलं काडतूस सिलिंडरच्या घरात मोकळेपणाने बसतं का ते आधी बघा. बसत नसेल तर नवा सिलिंडर घ्यावा लागतो, आणि त्या किमतीत जुनी बंदूक विकून दुसरी घेणं मला तरी जास्त शहाणपणाचं वाटतं.