रिअ‍ॅक्टर घरी बनेल, पण कोणासाठी?

प्रश्न : प्रवाळांच्या टाकीसाठी कॅल्शियम रिअ‍ॅक्टर घरीच बनवता येईल का? (एक वाचक, आर. के. पुरम, नवी दिल्ली)

उत्तर : बनतो. अ‍ॅक्रिलिकच्या बंद नळकांड्यात अ‍ॅरागोनाइटचे खडे भरायचे, छोट्या पंपाने टाकीचे पाणी त्यातून फिरवायचे आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. सामू ६.५ च्या आसपास उतरला की खडे विरघळू लागतात. ते पाणी थेंब थेंब टाकीत परतते. टाकीत लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम टिकले की झाले.

मात्र एवढा खटाटोप लागतो तो कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना, आणि तेच २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंगतीत आहेत! मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला मेलेला तुकडा खडे म्हणून वापरणेही नको.

मऊ प्रवाळांची भूक बेताची. त्यांना बहुधा नियमित पाणीबदल आणि शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची निवळी पुरते. दिल्लीच्या कोरड्या मे महिन्यात पाणी भराभर उडते. त्या भरपाईच्या आरओ पाण्यातूनच निवळी द्यावी. तिचा सामू १२ च्या वर असतो, म्हणून रात्री आणि अगदी सावकाश.