विकणं सोपं, टिकवणं कठीण : कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून क्विक हीलपर्यंत



पाचवीच्या वर्गात नफा-तोटा शिकवताना मी नेहमी दुकानाचं उदाहरण देते. वस्तू आणली, विकली, हिशोब संपला. पण आपल्या भंडाऱ्यात घरोघरी दुधाचा रतीब असतो, त्याचा हिशोब असा एका दिवसात संपत नाही. दूध पातळ झालं की पुढच्या महिन्यात रतीब बंद. सॉफ्टवेअरचा वार्षिक वर्गणीचा धंदाही असाच चालतो. त्याचं आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण म्हणजे पुण्याची क्विक हील कंपनी.

गोष्ट दोन भावांची

कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सुटलं. 1985 च्या सुमारास पुण्यात रेडिओ-कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना 400 रुपयांवर कामाला लागले. काही वर्षांनी साठवलेल्या साधारण 15,000 रुपयांत त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीही शिकून घेतली. धाकटा भाऊ संजय यांना मात्र कॉम्प्युटरचंच शिक्षण दिलं.

दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये वारंवार व्हायरस सापडायचे. तेव्हा ते फ्लॉपीतून पसरत. संजय यांनी ते काढणारे छोटे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच 1995 च्या सुमारास क्विक हील अँटिव्हायरस बाजारात आलं. म्हणजे काय विकायचं हे ठरवून ते बसले नव्हते. गिऱ्हाइकाची अडचण रोज टेबलावर येत होती, तिच्यातूनच वस्तू तयार झाली.

भांडवल कुठून आलं?

दुरुस्तीच्या कमाईतून! सॉफ्टवेअर पायावर उभं राहीपर्यंत दुरुस्तीचं काम सुरूच होतं. सेक्वोया कॅपिटलची सुमारे 60 कोटींची मोठी गुंतवणूक आली ती थेट 2010 मध्ये, म्हणजे सुरुवातीनंतर पंधरा वर्षांनी. 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

दरवर्षी पैसे का द्यायचे?

मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे. व्हायरस नवनवे येत राहतात, त्यामुळे जुनं औषध पुरत नाही. कंपनीला वर्षभर काम करावं लागतं आणि ग्राहक त्या कामाचे पैसे देतो. काम ढिलं पडलं तर पुढच्या वर्षी तो दुसरीकडे जातो.

वर्गात करून पाहा

हे काल्पनिक गणित फळ्यावर मांडा. वार्षिक वर्गणी 300 रुपये. पहिल्या वर्षी 20 ग्राहक, पुढे दरवर्षी 10 नवे.

- सगळे जुने ग्राहक टिकले तर : 20, 30, 40. तिसऱ्या वर्षी जमा 12,000 रुपये.
- दरवर्षी निम्मे सुटले तर : 20, 20, 20. तिसऱ्या वर्षी जमा 6,000 रुपये.

नवे ग्राहक दोन्हीकडे सारखेच, तरी जमा दुप्पट. हा फरक कशाने पडला, ते मुलांनाच शोधू द्या. 'जुने पळाले ना मॅडम!' असं कोणीतरी म्हणेलच.

पालकांसाठी

दहावीनंतर पोरगं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसलं की आपण म्हणतो, 'वाया गेलं.' इथे एका भावाचा हात आणि दुसऱ्या भावाचं शिक्षण, दोन्ही लागले. म्हणून शिक्षण सोडा असं मी म्हणत नाही. पण हाताने शिकणाऱ्या लेकराला घरात कमी लेखू नका, एवढंच.

आणि आपल्यासाठी

हे गणित फळ्यावर लिहिताना मला आपली पटसंख्या आठवली. प्रवेशोत्सवाला आपण ढोल वाजवतो, फुगे लावतो, पहिलीत नवी नावं घालतो. पण दुसरी-तिसरीतून दाखला काढून नेणाऱ्या पालकाला 'का नेता?' असं किती वेळा विचारतो? दर जूनमध्ये पालक आपलं नूतनीकरणच करत असतात. आपली वर्गणी पैशात नसते, विश्वासात असते. पट घटला की शाळेच्या अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहतो.

म्हणून या वर्षी मी एक वही केली आहे. शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलाचं खरं कारण तिच्यात लिहायचं. काटकरांच्या टेबलावर बिघडलेले कॉम्प्युटर यायचे, तशी माझ्या टेबलावर ही वही. अडचण दिसली, तरच उपाय सुचेल.

तुम्हीही अशी वही करून पाहा.