गेलेल्या बहिणीविषयी वर्गात बोलताना



पंडिता रमाबाईंची माहिती सांगताना आपण एक वाक्य भरभर उरकतो, "दुष्काळात त्यांचे आईवडील वारले." या वाक्यातून एक माणूस राहून जातं. रमाबाईंची मोठी बहीण, कृष्णाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरायचे, सगळं कुटुंब सोबत. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळात ते सापडले. जवळचं होतं नव्हतं ते संपलं आणि काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि ही बहीण गेली. उपाशी शरीराला साधा तापही झेपत नाही. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या. त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले, आणि दोन वर्षांत तोही गेला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना केडगावला आणणाऱ्या रमाबाई या अशा घरातून आलेल्या होत्या. हे मुलांना सांगितल्याशिवाय केडगाव कळत नाही, असं माझं मत आहे.

आष्टी तालुक्यातल्या आमच्या शाळेत चौथीला मी हे सांगितलं, तेव्हा एका मुलाने विचारलं, "मॅडम, रमाबाई तिच्याशी भांडायच्या का?"

वर्ग हसला. तो हसला नाही. त्याची ताई आदल्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली होती.

या प्रश्नाचा अर्थ नीट समजून घ्या. लहान मुलांना वाटतं, आपण भांडलो, "मर तिकडं" म्हणालो, म्हणून ती आजारी पडली. ते कुणाला विचारत नाहीत, मनात धरून बसतात. तेव्हा स्पष्ट बोलायचं. हा आजार भांडणाने होत नाही, शेजारी झोपल्याने, उष्टं खाल्ल्याने लागत नाही. ताईचे केस औषधाने गेले होते, तुझे जाणार नाहीत. पालकांनो, "ती झोपली", "देवाघरी फिरायला गेली" असं पाच-सहा वर्षांच्या लेकराला सांगू नका. ते वाट बघतं, नाहीतर झोपायलाच भितं. "ती वारली, आता परत येणार नाही, आणि आपण तिच्याबद्दल रोज बोलू शकतो" एवढं पुरतं.

पुढच्या आठवड्यात 'माझी बहीण' हा निबंध होता. काही सहकारी म्हणाले, विषय बदला. मी बदलला नाही. त्या मुलाला मात्र आधी बाजूला घेऊन विचारलं, दुसरा विषय हवा का? तो म्हणाला, "नको, मला लिहायचंय." गाइडमधलं "माझी ताई फार प्रेमळ आहे" मी फळ्यावर लिहिलंच नाही. प्रश्न लिहिले. ती तुला काय म्हणून हाक मारते किंवा मारायची? तिच्या दप्तरात काय असायचं? तुम्ही कशावरून भांडायचा?

त्याने लिहिलं ते असं. ताई बोरं खिशात लपवायची. नगरच्या दवाखान्यात जाताना ती रेल्वेच्या खिडकीपाशी बसायची आणि त्याच्यासाठी तिकीट जपून आणायची. (आष्टी-नगर रेल्वे २०२२ मध्ये सुरू झाली, आमच्या पोरांना तिचं अजून अप्रूप.) मग एक ओळ होती, "ताईला कच्ची बोरं आवडतात."

आवडतात. बाकी सगळीकडे 'होती', 'म्हणायची', आणि इथे वर्तमानकाळ. व्याकरण तपासताना आपला लाल पेन अशा ठिकाणी आपोआप चालतो. इथे तो थांबवा. काळ शिकवायला दुसरी शंभर वाक्यं आहेत.

निबंध वर्गात मोठ्याने वाचायची सक्ती करू नका. वाचायचा का, हे मुलालाच ठरवू द्या. राखी बनवायच्या तासाला अशा मुलाला ऑफिसात निरोप द्यायला पाठवू नका. त्या मुलाने राखी केली आणि स्वतःच्या दप्तराला बांधली.

पालकसभेला त्याच्या आईने ते पान मागितलं. मी पान फाडलं नाही, अख्खी वही दिली, आणि त्याला दुसरी नवी आणली.