न कापता आंब्याची परीक्षा

हापूस देवगडचा असो वा आपल्या शेजारच्या वलसाडचा, वरून पिवळाधमक फळ कापल्यावर कधीकधी आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर निघतो. यालाच ‘साका’ म्हणतात. सालीवर त्याची खूण नसते. त्यामुळे गिऱ्हाईक फसते आणि बागायतदाराचे नाव खराब होते.

मग ओळखावे कसे? अंधारात पेटत्या टॉर्चवर बोट ठेवा. बोट लाल दिसेल, कारण पांढऱ्या उजेडातील लाल भागच आरपार येतो. लाल रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण असतात. विल्यम हर्शेल यांनी ते १८०० साली शोधले. त्यांतील लाल रंगालगतचे किरण फळात बरेच आत शिरतात. गरातील पाणी त्यांचा काही भाग शोषते, तर हवेच्या पोकळ्या त्यांना विखुरतात. बाहेर आलेला प्रकाश मोजून यंत्र चांगला व बिघडलेला गर यांतील फरक टिपते. बटाट्यातील पोकळी किंवा कांद्यातील सड शोधण्याचीही हीच रीत.

मात्र साका कोयीजवळ सुरू होतो. तिथवर प्रकाश कमी पोहोचतो, म्हणून प्रत्येक फळाची खात्री देणे कठीण आहे.

घरी टॉर्चवर टोमॅटो व बटाटा ठेवून पाहा. कशातून उजेड जास्त येतो? निरीक्षण वहीत लिहून आणा.